जमीन कशासाठी योग्य आहे, हे मातीवरून कसे ठरवावे

जमिनीचा वापर ठरवताना बहुतेकांची चूक होते ती क्रमात. आधी फळबाग, तळे किंवा घर यांपैकी काहीतरी मनात पक्के केले जाते, मग वरची दोन ओंजळी माती तपासणीला पाठवली जाते आणि अहवालात नत्र, स्फुरद, पालाश समाधानकारक दिसले की काम सुरू होते. या अहवालाला जमिनीखाली पन्नास सेंटीमीटरवर सलग कातळ आहे की नाही, पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत चढते, किंवा माती ओली झाल्यावर किती फुगते, यांतले काहीच ठाऊक नसते. अन्नद्रव्यांची उणीव एका हंगामात भरून काढता येते, मातीची खोली मात्र कोणालाच वाढवून मिळत नाही. म्हणून जे बदलता येत नाही ते आधी तपासावे, जे कष्टाने आणि खर्चाने बदलते ते त्यानंतर, आणि जे सहज बदलते ते सर्वांत शेवटी. पुढचे टप्पे याच क्रमाने मांडले आहेत आणि ते याच क्रमाने करावेत.

## तयारी

पहार, कुदळ, फावडे, मातीचे गिरमिट, बोथट सुरी, मोजपट्टी, पाण्याची पारदर्शक लेव्हल नळी, प्लास्टिकची बादली, कापडी पिशव्या, सरळ काठांची काचेची बरणी, पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी आणि वही एवढे साहित्य पुरते. लोखंडी किंवा जस्ताचा मुलामा असलेली बादली टाळावी, कारण सूक्ष्म अन्नद्रव्यांची तपासणी करायची असेल तर त्या धातूचे अंश नमुन्यात मिसळतात.

वेळही साहित्याइतकाच महत्त्वाचा आहे. माती ओलसर असताना खड्डा घेणे उत्तम, कारण कोरड्या मातीत रंग फिके दिसतात आणि सगळेच थर सारखे कठीण लागतात. शक्य असल्यास तीच जागा पावसाळ्याच्या ऐन भरात एकदा आणि कोरड्या हंगामाच्या अखेरीस एकदा पाहावी. पाणी कुठे साचते आणि भेगा किती खोल जातात, हे एकाच भेटीत दिसत नाही.

## टप्पा १ : जागेचे तुकडे पाडा आणि उतार मोजा

सबंध जागा एकसारखी आहे असे गृहीत धरू नये. आधी संपूर्ण जागा पायी फिरावी आणि मातीचा रंग, उतार, दगडांचे प्रमाण, आपोआप उगवलेले गवत व झुडपे आणि पाणी वाहिल्याच्या खुणा यांवरून जागेचे तुकडे पाडावेत. माथा, मधला उतार आणि पायथा हे तीन तुकडे बहुधा वेगळेच निघतात, कारण माथ्यावरची बारीक माती पाण्याबरोबर पायथ्याला येऊन साचलेली असते. कागदावर कच्चा नकाशा काढून प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्यावा.

उतार डोळ्यांनी ठरवू नये, कारण सौम्य उतार नजरेला सपाट वाटतो आणि मध्यम उतार उगीच तीव्र भासतो. लेव्हल नळीने वीस मीटर अंतरावरच्या दोन ठिकाणांच्या उंचीतला फरक काढावा. फरक साठ सेंटीमीटर आला तर उतार तीन टक्के. मोजणी सर्वांत जास्त उताराच्या दिशेने करावी. तिरके मोजल्यास उतार कमी भरतो, आणि पुढचे सगळे निर्णय त्या चुकीच्या आकड्यावर उभे राहतात.

साधारणपणे तीन टक्क्यांपर्यंतच्या उतारावर नेहमीची मशागत करता येते. त्यापुढे समपातळी रेषेवर पेरणी आणि बांधबंदिस्ती लागते, आणखी वर गेल्यावर मजगी (उतारावर पायऱ्यांसारखे सपाट टप्पे) घालावी लागते, तर पंधरा ते वीस टक्क्यांच्या पुढे जमीन कायम हिरव्या आच्छादनाखाली ठेवणे हाच सुरक्षित मार्ग उरतो. हे आकडे काटेकोर सीमा नव्हेत. गाळाचे कण आणि बारीक वाळू जास्त असलेली माती फार लवकर वाहून जाते, त्यामुळे तशा मातीत प्रत्येक मर्यादा एक पायरी खाली आणावी.

पडताळणी: प्रत्येक तुकड्याचा उतार, अंदाजे क्षेत्र आणि सर्वांत सखल जागा वहीत नोंदवली आहे का? ही नोंद झाल्याखेरीज खणायला सुरुवात करू नये.

## टप्पा २ : खड्डा खणा आणि मातीचा छेद वाचा

हा टप्पा लोक सर्वाधिक टाळतात, आणि सर्वांत जास्त माहिती नेमकी इथेच मिळते. प्रत्येक तुकड्यात निदान एक खड्डा घ्यावा. लांबी दीड मीटर, रुंदी एक मीटर आणि खोली एक ते सव्वा मीटर पुरते. त्याखालची माती खड्ड्याच्या तळातून गिरमिटाने वर काढून पाहावी. जी बाजू वाचायची आहे तिच्यावर सूर्यप्रकाश पडेल अशी खड्ड्याची दिशा ठेवावी, त्या बाजूच्या काठावर पाय देऊ नये आणि तिथे मातीचा ढीगही टाकू नये. वरची काळपट माती एका बाजूला आणि खालची माती दुसऱ्या बाजूला असे दोन वेगळे ढीग करावेत.

सावधान: सुट्या, वालुकामय किंवा ओल्या मातीत सव्वा मीटरपेक्षा खोल खड्ड्यात आधार दिल्याशिवाय उतरू नये. भिंत ढासळण्यापूर्वी कोणतीही चाहूल देत नाही. एकट्याने उतरू नये आणि एका बाजूला पायऱ्या ठेवाव्यात.

खणताना फावड्याने घासून गुळगुळीत झालेला पृष्ठभाग फसवा असतो. म्हणून सुरीचे टोक वापरून वरून खालपर्यंत एक-दोन सेंटीमीटर जाडीचा पापुद्रा उचकटून काढावा, म्हणजे मातीची खरी घडण दिसते. मग तीच सुरी दर पाच सेंटीमीटरवर सारख्या जोराने टोचत खाली यावे. सुरी सहज शिरता शिरता एखाद्या जागी अडते आणि पुन्हा सैल होते. ती अडते तिथे दबलेला थर असतो. बहुधा हा थर वर्षानुवर्षे एकाच खोलीवर नांगर चालवल्यामुळे किंवा जड यंत्रे फिरल्यामुळे तयार झालेला असतो.

आता मुळे पाहावीत. मुळे सरळ खाली जात असतील तर वाट मोकळी आहे. एका पातळीपर्यंत खाली येऊन ती काटकोनात वळली असतील आणि त्या पातळीवर चटईसारखी आडवी पसरली असतील, तर झाडांच्या दृष्टीने जमीन तिथेच संपली असे समजावे, मग खाली आणखी मीटरभर माती दिसो. तिथे दबलेला थर, चुनखडीचा पक्का थर किंवा पाण्याने कोंडलेला थर यांपैकी काय आहे, हे बोटांनी माती फोडून पाहावे.

त्यानंतर रंग. एकसारखा तांबूस किंवा तपकिरी रंग म्हणजे हवा खेळती आहे. राखाडी किंवा निळसर रंग म्हणजे तो थर दीर्घकाळ पाण्याखाली असतो आणि तिथल्या लोहाचे रूप ऑक्सिजनच्या अभावी बदलले आहे. राखाडी पार्श्वभूमीवर गंजासारखे ठिपके असतील तर पाणी तिथपर्यंत चढते आणि पुन्हा उतरते. जुन्या मुळांच्या पोकळीभोवती अशा गंजाच्या नळ्याच तयार झालेल्या दिसतात. ही खूण कोरड्या हंगामातही टिकून राहते, म्हणून ती अतिशय मोलाची आहे: खड्डा ठणठणीत कोरडा असतानाही पावसाळ्यातली पाण्याची पातळी भिंतीवर लिहिलेली असते. जिथे पुढे चर खणून निचरा सुधारलेला आहे तिथे हे डाग जुन्या परिस्थितीचे असू शकतात, तेव्हा आजूबाजूचे चरही पाहून घ्यावेत.

उपयुक्त खोली ठरवताना पृष्ठभागापासून कातळापर्यंतचे अंतर मोजून थांबू नये. कातळ, मुळे वळवणारा थर आणि राखाडी किंवा गंजाच्या ठिपक्यांचा पट्टा यांपैकी जे सर्वांत वर असेल तिथपर्यंतचीच खोली धरावी. मातीत गोटे असतील तर त्यांचे प्रमाणही वजा करावे. पन्नास सेंटीमीटरच्या थरात घनफळाने चाळीस टक्के गोटे असतील, तर तो थर तीस सेंटीमीटर मातीइतकेच पाणी धरतो. खोल पण गोट्यांनी भरलेली जमीन कागदावर चांगली दिसते आणि पहिल्याच उघडिपीत पीक कोमेजू लागते, ते या कारणामुळे.

पडताळणी: छेदावर मोजपट्टी लावून छायाचित्र घेतले आहे का? थरांची खोली, रंग, मुळांची शेवटची पातळी, ठिपके सुरू होतात ती पातळी आणि गोट्यांचे प्रमाण या पाच गोष्टी लिहून झाल्या का?

## टप्पा ३ : पोत ओळखा

पोत म्हणजे वाळू, गाळ आणि चिकण कणांचे परस्पर प्रमाण. दोन मिलिमीटरपेक्षा मोठे ते खडे, ते या हिशेबात धरत नाहीत. चिकण कण ०.००२ मिलिमीटरपेक्षा बारीक असतात. पाणी, हवा, अन्नद्रव्ये आणि भार पेलण्याची क्षमता या सगळ्यांवर पोताचा परिणाम होतो, आणि मोठ्या क्षेत्रावर तो बदलणे व्यवहारात अशक्य असते.

हाताची कसोटी प्रत्येक थरासाठी वेगळी करावी. खडे काढून मूठभर माती घ्यावी, थेंब थेंब पाणी घालत ती कणकेसारखी मळावी आणि मग अंगठा व तर्जनी यांमध्ये दाबत तिची पट्टी पुढे सरकवावी. गोळाच होत नसेल तर ती वाळू. गोळा होतो पण पट्टी निघत नाही तर पोयट्याचा (तिन्ही कण बेताने मिसळलेल्या मातीचा) थोडा अंश असलेली वाळू. पट्टी अडीच सेंटीमीटरच्या आत तुटली तर पोयटा, अडीच ते पाच सेंटीमीटर टिकली तर चिकण पोयटा, आणि पाच सेंटीमीटरपेक्षा लांब गेली तर चिकण माती. चुरचुरीत स्पर्श वाळूचा, पिठासारखा मऊ स्पर्श गाळाचा आणि बोटांना धरून ठेवणारा चिकटपणा चिकण कणांचा.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे अपुरे मळणे. काही मातींत, विशेषतः लोहयुक्त लाल मातीत, चिकण कण एकमेकांना घट्ट बांधलेले असतात आणि सुरुवातीला वाळूसारखे लागतात. निदान दोन मिनिटे मळल्यावर ते सुटतात आणि माती हळूहळू चिकट होत जाते. घाईत केलेल्या कसोटीत अशी माती वालुकामय ठरते आणि पाण्याचे सगळे नियोजन चुकते.

बरणीची कसोटी याला पूरक आहे. एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर भांड्याचा साबण घालून बरणी जोरात हलवावी आणि न हलवता ठेवून द्यावी. साधारण एका मिनिटात वाळू बसते, दोन तासांत गाळ बसतो, चिकण कणांना एक दिवस किंवा त्याहूनही अधिक लागतो. थरांची जाडी घनफळ दाखवते, वजन नव्हे, आणि ओले चिकण कण फुगलेले असतात, त्यामुळे त्यांचे प्रमाण थोडे जास्तच दिसते.

चिकण कण किती आहेत याइतकाच ते कोणत्या जातीचे आहेत हा प्रश्न महत्त्वाचा आहे. दोन जमिनींत चिकण कणांचे प्रमाण सारखे असूनही एक उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि दुसरी जशीच्या तशी राहते. हे पाहण्यासाठी मळलेल्या मातीची दहा सेंटीमीटर लांबीची कांडी साच्यात घालून सावलीत पूर्ण वाळवावी. ती एक सेंटीमीटर किंवा अधिक आखडली तर माती जोरदार फुगणारी-आकसणारी आहे असे मानून पुढे जावे. बांधकाम करायचे असेल तर प्रयोगशाळेतून मुक्त फुगवणीचा निर्देशांक (माती पाण्यात किती टक्के फुगते तो आकडा) काढून घ्यावा. तो पन्नास टक्क्यांच्या वर असल्यास नेहमीचा उथळ पाया चालेल असे धरून चालू नये.

## टप्पा ४ : पाणी किती मुरते आणि किती टिकते ते मोजा

मुरण्याचा वेग आणि पाणी धरून ठेवण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण बोलताना त्यांची सर्रास गल्लत होते. वाळूत पाणी झटकन मुरते पण टिकत नाही. चिकण मातीत ते सावकाश मुरते आणि भरपूर टिकते.

मुरण्याचा वेग मोजण्यासाठी तीस सेंटीमीटर व्यासाचे दोन्ही बाजूंनी उघडे पत्र्याचे कडे दहा-पंधरा सेंटीमीटर जमिनीत ठोकावे, आत पाणी भरावे आणि दर दहा मिनिटांनी पातळी नोंदवावी. सुरुवातीला कोरडी माती पाणी भराभर शोषते. तो वेग धरायचा नाही. सलग तीन-चार नोंदी सारख्या येईपर्यंत थांबावे आणि तोच वेग खरा मानावा. तासाला पाच मिलिमीटरपेक्षा कमी वेग चिकण मातीत येतो, दहा ते वीस पोयट्यात आणि तीसपेक्षा जास्त वाळूत. भेगाळलेल्या मातीत कडे भेगेवर बसले तर मोजणी निरर्थक ठरते.

साठवणीचा हिशेब कागदावर होतो. एक मीटर खोलीत झाडाला घेता येण्याजोगे पाणी वाळूत साधारण २५ ते १०० मिलिमीटर असते, पोयट्यात १०० ते १७५ आणि चिकण मातीत १७५ ते २५० मिलिमीटर. समजा, साठ सेंटीमीटर खोल पोयटा आहे आणि त्यात मीटरला १५० मिलिमीटर पाणी राहते. एकूण साठा ९० मिलिमीटर झाला. पिकाला ताण न देता त्यातले निम्मे, म्हणजे ४५ मिलिमीटर वापरता येते असे धरले आणि रोजची गरज पाच मिलिमीटर असली, तर दोन पाण्यांत नऊ दिवसांचे अंतर चालते. तेवढ्याच खोलीच्या, मीटरला ६० मिलिमीटर धरणाऱ्या वाळूत हाच हिशेब केला तर साडेतीन दिवससुद्धा मुश्किलीने निघतात. पावसाच्या दोन सरींमधला खंड किती मोठा असतो आणि हाताशी पाणी किती आहे, याच्याशी हा आकडा ताडून पाहिला की पुष्कळशा कल्पना जागीच गळून पडतात, आणि ते आधीच गळून पडणे केव्हाही चांगले.

## टप्पा ५ : रासायनिक तपासणी करा

प्रयोगशाळेकडे जाण्याची वेळ आता येते. प्रत्येक तुकड्यातून नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणांहून माती घ्यावी. हंगामी पिकांसाठी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करून वरचे पंधरा-वीस सेंटीमीटर पुरतात. फळझाडांसाठी मात्र मीटरभर खोलीपर्यंत थरवार नमुने घ्यावेत आणि थर एकमेकांत मिसळू नयेत. बांध, झाडाची सावली, खताचा ढीग, जनावरे बसण्याची जागा आणि नुकतेच खत दिलेले ठिकाण टाळावे. सगळी माती एकत्र करून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत आणि अर्धा किलो उरेपर्यंत हे करत राहावे. नमुना सावलीत वाळवावा.

सावधान: वेगवेगळ्या तुकड्यांची माती एकत्र करून पाठवलेला नमुना कोणत्याच तुकड्याचे वर्णन करत नाही. असा नमुना पाठवण्यापेक्षा न पाठवणे बरे.

अहवाल आल्यावर आधी सामू (माती आम्ल की अल्क हे सांगणारा पीएच आकडा), क्षारता आणि सोडियम पाहावे. सामू साडेपाचच्या खाली असेल तर विरघळलेले ॲल्युमिनियम मुळांना अपाय करते. त्यावर चुना हा उपाय आहे. सामू साडेआठच्या वर गेला तर सोडियमचा संशय घ्यावा. दोन्हींच्या मध्ये, भरपूर मुक्त चुनखडी असलेल्या मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चुनखडी किती आहे हे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकून कळते. जितका जोरात फेस येतो तितका चुना जास्त. हे थेंब छेदाच्या प्रत्येक थरावर टाकावेत, कारण चुनखडी बहुतेक वेळा खालच्या थरात साचलेली असते आणि वरच्या नमुन्यात येतच नाही.

क्षारता दाखवणारा विद्युत वाहकतेचा आकडा वाचताना ती कोणत्या पद्धतीने मोजली हे आधी पाहावे. संपृक्त अर्कात (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्यात) चार डेसिसायमन प्रति मीटर ही क्षारयुक्त जमिनीची रूढ मर्यादा आहे. पण नेहमीच्या तपासणीत माती पाण्यात कालवून मोजतात, तिथे पाणी जास्त असल्याने तीच माती खूप कमी आकडा दाखवते, आणि एकच्या वरचा आकडासुद्धा लक्ष देण्याजोगा असतो. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या मर्यादेशी ताडून खारवट जमीन निर्दोष ठरवल्याची उदाहरणे मी पुन्हा पुन्हा पाहिली आहेत.

क्षारयुक्त आणि चोपण या दोन वेगळ्या व्याधी आहेत. क्षारयुक्त जमिनीत विद्राव्य क्षार जास्त असतात, निचरा करून भरपूर पाणी दिले की ते खाली धुऊन जातात. चोपण जमिनीत कणांना सोडियम चिकटलेले असते. अशा चिकटलेल्या, म्हणजे विनिमययोग्य, सोडियमचे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या वर गेले की कण सुटे होऊन छिद्रे बुजवतात. इथे आधी जिप्सम द्यावे लागते, मग पाणी. दोन्ही दोष एकत्र असलेल्या जमिनीत जिप्सम न देता नुसतेच पाणी सोडले, तर क्षार निघून जातात, सोडियम मागे राहते आणि आधी कशीबशी पाणी मुरवणारी जमीन पूर्ण बंद होते. निचऱ्याची वाट नसेल तर जिप्समचाही उपयोग होत नाही.

घरच्या घरी एक साधी खात्री करता येते. वाळलेल्या मातीचे वाटाण्याएवढे ढेकूळ काचेच्या वाटीत पावसाच्या पाण्यात अलगद सोडावे आणि हात न लावता आधी दहा मिनिटांनी, मग दोन तासांनी पाहावे. ढेकूळ नुसते ढासळले आणि पाणी स्वच्छ राहिले तर सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्याचा अंश) कमी आहे. ढेकळाभोवती दुधी कडे पसरू लागले आणि ते खाली बसतच नसेल, तर चिकण कण सुटे होत आहेत आणि चोपणपणाची शंका बळावते. नळाचे किंवा विहिरीचे पाणी वापरू नये. त्यातले क्षार कणांना एकत्र धरून ठेवतात आणि दोष झाकला जातो.

## टप्पा ६ : कायमचे दोष आणि दुरुस्त होणारे दोष वेगळे करा

वहीत प्रत्येक तुकड्यासाठी तीन रकाने आखावेत. पहिल्यात खोली, कातळ, पोत, चिकण कणांची जात, उतार आणि पुराची शक्यता. दुसऱ्यात दबलेला थर, निचऱ्याचा अभाव, क्षार आणि सोडियम. तिसऱ्यात आम्लता, अन्नद्रव्ये आणि सेंद्रिय कर्ब. पहिल्या रकान्याला अनुसरून जमिनीचा वापर निवडावा, दुसरा रकाना खर्च झेपेल का ते सांगतो, आणि तिसऱ्याचा विचार निवड झाल्यावर करावा.

यात सरासरी काढू नये. चार गुण उत्तम आणि एक गुण निकृष्ट असेल, तर जमिनीचा दर्जा त्या निकृष्ट गुणाने ठरतो. उत्तम पोत, उत्तम सामू आणि भरपूर कर्ब असलेल्या जमिनीत तीस सेंटीमीटरवर पाणी चढत असेल, तर त्या मुळांना पोताचा काय उपयोग? संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९७६ साली मांडलेल्या चौकटीत जमीन एखाद्या *विशिष्ट* वापरासाठी अतिशय योग्य, मध्यम योग्य, जेमतेम योग्य किंवा अयोग्य अशी ठरवली जाते. हीच पद्धत वहीत वापरावी. ‘चांगली जमीन’ असा शेरा लिहू नये, कशासाठी चांगली ते लिहावे.

## टप्पा ७ : वापराशी मेळ घाला

हंगामी पिके. पंचेचाळीस सेंटीमीटरपेक्षा जास्त उपयुक्त खोली, पोयटा ते चिकण पोयटा आणि सौम्य उतार असेल तर निवडीला भरपूर वाव आहे. कंदपिकांना सैल आणि खड्यांविना माती हवी. भातखाचराला नेमके उलटे लागते: पाणी सावकाश झिरपणारी चिकण माती. फळबागेसाठी जो दोष असतो तो इथे गुण ठरतो.

फळबाग. निदान एक मीटर मोकळी खोली आणि त्या मीटरभरात राखाडी थर किंवा गंजाचे ठिपके नसणे या दोन अटींवर तडजोड करू नये. हंगामी पीक चुकले तर एक हंगाम जातो. झाड मात्र पहिली तीन-चार वर्षे वरच्या मातीवर उत्तम वाढते, आणि मुळे खालच्या थराला टेकल्यावर शेंड्याकडून वाळू लागते. तोवर सगळी गुंतवणूक होऊन गेलेली असते. कातळावर मोठा खड्डा करून त्यात बाहेरची माती भरण्याचा उपाय सरसकट करू नये. कातळ फुटलेला आणि पाझरणारा असेल तरच तो टिकतो, सलग असेल तर प्रत्येक खड्डा पावसाळ्यात पाण्याची कुंडी होतो. खड्डा पाण्याने भरून ठेवावा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभे असेल तर तो बेत सोडून द्यावा.

कुरण आणि वन. उथळ, दगडाळ किंवा तीव्र उताराच्या तुकड्यांसाठी हाच योग्य वापर आहे. याला दुय्यम समजू नये. त्या तुकड्यावरचे आच्छादन खालच्या चांगल्या तुकड्याची माती आणि पाणी सांभाळते.

तळे. कमरेएवढा खोल खड्डा सकाळी काठोकाठ भरावा, संध्याकाळी पुन्हा भरून झाकून ठेवावा आणि दुसऱ्या सकाळी पाहावे. बहुतेक पाणी शिल्लक असेल तर माती पाणी धरते. एवढ्यावर थांबू नये. तळ्याच्या नियोजित तळाखालीही गिरमिटाने मीटरभर माती काढून पाहावी, कारण मध्येच वाळूचा एक पातळ पट्टा असला तरी सगळे पाणी तिथून निघून जाते. ढेकळाच्या कसोटीत दुधी कडे दाखवणारी माती बांधासाठी वापरू नये. बांधातून झिरपणारे पाणी तिचे कण वाहून नेते, आत बोगदा तयार होतो आणि बांध फुटतो.

बांधकाम. शेतीसाठी समृद्ध असणारी फुगणारी चिकण माती घरासाठी त्रासाची असते. पाया ओलाव्याच्या हंगामी चढ-उताराच्या खाली न्यावा लागतो किंवा त्याची रचनाच वेगळी करावी लागते. भरावाची माती, दलदलीचा काळा सेंद्रिय थर आणि पायथ्याला साचलेला सैल गाळ यांवर विशेष लक्ष ठेवावे. शेतीच्या माती-अहवालावरून पायाचा निर्णय घेऊ नये, तिथे भारक्षमतेची स्वतंत्र तपासणी लागते.

शोषखड्डा. नियोजित खोलीवर छोटा खड्डा करून तो रात्रभर पाण्याने भिजवावा आणि दुसऱ्या दिवशी पाणी पंचवीस मिलिमीटर उतरायला लागणारा वेळ मोजावा. तासाभराहून जास्त वेळ लागत असेल तर सांडपाणी वर येईल. मिनिटभरही लागत नसेल तर ते न गाळता भूजलात उतरेल. आदल्या रात्री खड्डा न भिजवणे ही इथली नेहमीची चूक. खड्ड्याच्या तळापासून ठिपक्यांच्या पातळीपर्यंत पुरेशी कोरडी माती आहे का, हेही छेदावरून पाहावे, आणि विहिरीपासूनचे अंतर लागू असलेल्या नियमांप्रमाणे ठेवावे.

## टप्पा ८ : नकाशावर उतरवा आणि खड्डे बुजवा

आता पहिल्या टप्प्यातला कच्चा नकाशा पुन्हा काढावा. सुरुवातीला पाडलेले तुकडे आणि खड्ड्यांतून दिसलेली माती यांत फरक पडणे स्वाभाविक आहे. दोन शेजारच्या खड्ड्यांत फारच वेगळे छेद निघाले, तर त्यांच्या मधोमध गिरमिटाने आणखी दोन-तीन ठिकाणी पाहून सीमा सरकवावी. सीमा स्पष्ट होत नसेल तर तो संशयाचा पट्टा दोहोंपैकी कमी अपेक्षा असलेल्या वापराकडे द्यावा, उदाहरणार्थ फळबाग आणि गवत यांच्यामध्ये असेल तर गवताकडे.

खड्डा बुजवताना खालच्या थराची माती आधी टाकावी, पायाने थोडी थोडी दाबत यावे आणि वरची काळपट माती सर्वांत शेवटी पसरावी. घाईत ढीग उलटे लोटले तर तेवढ्या जागेत पुढची कित्येक वर्षे पीक खुरटलेले दिसते. माती पहिल्या पावसात खचते, म्हणून भर जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवावी आणि खड्ड्याची जागा नकाशावर मोजमापासह नोंदवावी, कारण काही वर्षांनी पुन्हा छेद पाहायचा झाला तर तो या हललेल्या मातीत न घेता दोन-तीन मीटर बाजूला घ्यावा लागतो.